मित्रांनी वर्षभर एकत्र यायचे, तर बेळगाव परिसरात कशाच्या निमित्ताने?

परतलेला_शहापूरकर

नमस्कार मंडळी. सतरा वर्षे पुण्यात नोकरी करून गेल्या दिवाळीनंतर मी कुटुंबासह बेळगावातल्या शहापूरच्या घरी कायमचा परतलो. शाळेतले आम्ही नऊ मित्र, त्यांतले सात जण आजही बेळगाव, अनगोळ, वडगाव आणि येळ्ळूर इथेच आहेत. परत आल्यापासून चार वेळा आम्ही हॉटेलात जेवायला भेटलो. जेवण चांगले झाले, बिल वाटून घेतले, मुलांच्या शाळेच्या फीबद्दल बोललो आणि साडेदहाला आपापल्या घरी गेलो. चारही वेळा परतताना मला चुकल्यासारखे वाटत राहिले.

मग शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आली. एका मित्राच्या गल्लीचा चित्ररथ होता आणि बांबू धरायला एक माणूस कमी पडत होता. रस्त्यावर लोंबणाऱ्या केबलच्या तारा बांबूने वर उचलायच्या, खालून रथ जाऊ द्यायचा आणि पळत पुढच्या तारेपाशी पोहोचायचे, एवढेच काम होते. रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत मी ते केले. खांदे भरून आले, आवाज बसला. पहाटे एका बंद दुकानाच्या पायरीवर चहा पिताना शेजारी बसलेल्या मित्राने वडिलांच्या आजारपणाबद्दल जे सांगितले, त्यातला एक शब्दही आधीच्या चार जेवणांत निघाला नव्हता.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की आपल्या भागात मैत्री एकत्र बसण्यापेक्षा एकत्र राबण्याने अधिक टिकते. हे मत कोणाला पटत नसेल तर तेही अवश्य सांगावे. माझा प्रश्न असा आहे: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वर्षभरात असे कोणते सण, यात्रा, कार्यक्रम आणि सहली आहेत, जिथे चाळिशीतल्या मित्रांना बायकामुलांसह जाता येईल आणि नुसते पाहुणे म्हणून उभे राहावे लागणार नाही?

चव्हाट्यावरचा

बांबू धरलात म्हणजे तुम्ही खऱ्या अर्थाने परतलात, अभिनंदन. चित्ररथाचा विषय निघालाच आहे, म्हणून बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो. बेळगावात आपण शिवजयंती परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला करतो आणि त्यानंतर रात्रभर चित्ररथांची मिरवणूक निघते. या परंपरेने शंभरी ओलांडली आहे. आपल्याकडचे देखावे प्रामुख्याने सजीव असतात. अफजलखानाची भेट, पावनखिंड, आग्ऱ्याहून सुटका हे प्रसंग गल्लीतलीच मुले चालत्या ट्रॉलीवर उभी राहून करतात. त्यामुळे खरे काम मिरवणुकीच्या रात्री नसून त्याआधीच्या महिनाभरात असते. संवाद पाठ करणे, थर्माकोल कापून तटबंदी रंगवणे, भाड्याचे पोशाख आणणे, लहान मावळ्यांना वेळेवर जेवू घालणे आणि त्यांना झोप आली की त्यांच्या घरी पोहोचवणे, हे सगळे कोणीतरी करावे लागते.

चाळिशीतल्या माणसाला इथे भरपूर जागा आहे, कारण गल्लीतली तरुण मुले नोकरीसाठी बाहेर गेली आहेत आणि मंडळांना माणसांची निकड आहे. गणेशोत्सवाचेही तसेच. झेंडा चौकात १९०५ मध्ये लोकमान्यांच्या प्रेरणेने सुरू झालेला उत्सव असो किंवा एखाद्या उपनगरातले दहा वर्षांचे मंडळ असो, अनंत चतुर्दशीला कपिलेश्वर तलावापर्यंत मूर्ती नेताना दुसऱ्या दिवसाची दुपार होते आणि तोवर टिकून राहणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरतात. तुमच्या सात जणांनी एकाच मंडळाला आपला वेळ द्यावा, असे मी सुचवेन. सात मंडळांना थोडा थोडा दिला, तर कुठेच घरचे होणार नाही.

टिळकवाडीची_लेक

मला या मताबद्दल थोडी तक्रार मांडायची आहे आणि ती मनापासून मांडते आहे.

एकत्र राबण्याची ही संधी आमच्या पिढीतल्या मुलींना मिळाली नाही. चित्ररथ आम्ही मामाच्या घराच्या गच्चीवरून पाहिले, तेही बारा वाजेपर्यंतच. माझा सख्खा भाऊ खाली रथावर तानाजी झाला होता आणि मी वरून त्याला हाका मारत होते. गल्लीच्या कामात मुलींचा वाटा रांगोळी, आरतीचे ताट आणि महाप्रसादाच्या पुऱ्या लाटणे एवढाच असे. काम आम्हीही केले, परंतु ते आपापल्या घरच्या बायकांबरोबर केले, आपल्या मैत्रिणींबरोबर केले नाही. लग्नानंतर तर मैत्रिणी वेगवेगळ्या गावी गेल्या आणि त्यांच्या भेटी संक्रांतीच्या हळदीकुंकवापुरत्या उरल्या.

हे बदलले ते दुर्गामाता दौडीमुळे. नवरात्रात रोज पहाटे शहराच्या वेगवेगळ्या भागांतून ही दौड निघते. पांढरे कपडे, डोक्याला भगवा फेटा, पायांत चप्पल नाही, सर्वांत पुढे ध्वज आणि वाटेत घरोघरी रांगोळ्या व औक्षण. मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दोन मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा धावले. जन्म याच शहरात गेला, तरी कितीतरी गल्ल्या मी त्या नऊ दिवसांतच पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी पाहिल्या. आज आम्ही अकराजणी आहोत. दौडीच्या आधी महिनाभर व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी चालण्याचा सराव करतो आणि नवरात्र संपले तरी तो सोडत नाही.

म्हणून शहापूरकरांना माझी विनंती आहे की बायकामुलांसह जायचे असेल, तर बांबू कोण धरणार आणि पुऱ्या कोण लाटणार, हे आधीपासून ठरलेले नसावे.

परतलेला_शहापूरकर

तुमचे म्हणणे मान्य आहे आणि ते वाचून मला वाईट वाटले. त्या रात्री माझी पत्नी आणि मुलगी दोघी घरीच होत्या. त्यांना येशील का असे मी विचारलेसुद्धा नव्हते.

रंगात_दोनदा

शहापूरकरांनी स्वतःच्या दारातली रंगपंचमी कशी विसरावी?

परतलेला_शहापूरकर

विसरलो नाही, पण पुण्यातून त्या दिवसाची सुट्टी कधी मिळाली नाही, म्हणून सवय मोडली होती. शहापुरात शहरापेक्षा वेगळ्या दिवशी रंग का खेळतात, ते नव्या सदस्यांसाठी आपणच सांगावे.

रंगात_दोनदा

आनंदाने सांगतो. बेळगाव शहर ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि शहापूर सांगली संस्थानात होते. दोघांमध्ये रस्त्याचेच काय ते अंतर, पण राज्य वेगळे आणि रिवाजही वेगळे. शहरात होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळतात, तर शहापूर भागात पंचमीला. संस्थाने गेली, राज्येही बदलली, रंगाचे दोन दिवस मात्र राहिले. आमच्या मित्रमंडळात यावरून एक शिरस्ता पडला आहे. धुळवडीला शहापूरचे मित्र शहरात येतात, दुपारी पांगुळ गल्लीत अश्वत्थामा मंदिरासमोर लोटांगण घालणाऱ्यांना पाहायला आणि त्यांच्या वाटेवर पाणी टाकायला आम्ही बरोबर जातो आणि मग चार दिवसांनी पंचमीला आम्ही सगळे परतफेडीसाठी शहापुरात जातो. पहिल्या दिवशी कोण आला नाही याची नोंद डोक्यात राहते आणि पंचमीला त्याच्या घरासमोर सर्वांत आधी थांबतो. आमच्यातला एक जण गेल्या वर्षी पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर पडत नव्हता. त्याला रंग लावला नाही. त्याच्या ओसरीवर सगळे तासभर बसलो आणि निघताना तो आपण होऊन फाटकापर्यंत आला.

मलप्रभेकाठचा

शहराबाहेरही थोडे पाहावे, ही खानापूरकराची विनंती आहे.

मित्रांच्या सहलीला आमच्याकडे आसोग्यासारखे ठिकाण नाही. मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचे मंदिर आहे, नदीत मोठमोठे खडक आहेत, सावली आहे आणि खानापूर स्टेशनवरून चालत जाता येते. बेळगावहून सकाळची पॅसेंजर पकडावी, दुपारचे जेवण तिथे करावे आणि संध्याकाळी घरी परतावे. थोडे लांब जायचे असेल, तर जांबोटी रस्त्याने हब्बनहट्टीचा मारुती आणि तिथून पुढे कणकुंबीला माउलीचे मंदिर, जिथे मलप्रभा उगम पावते.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटणारी सहल हलशी आणि देगावची आहे. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. तिथले भूवराह नरसिंहाचे मंदिर आणि देगावचे कमलनारायण मंदिर एका दिवसात निवांत पाहून होतात. कमलनारायण मंदिर बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या राणी कमलादेवीने बांधवले आणि तिप्पोज हा त्याचा शिल्पी होता. राणीचे नाव मंदिराला राहिले आणि कारागिराचेही नाव आपल्याला ठाऊक आहे, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी सुखावते. आमच्या सहा जणांच्या गटात अशी पद्धत आहे की दर वेळी एकाने त्या जागेविषयी वाचून यायचे आणि बाकीच्यांना सांगायचे. आमच्यात एक गवंडी आहे. त्याची पाळी आली तेव्हा त्याने देगावच्या खांबांवर हात ठेवून एकेका जोडाबद्दल अर्धा तास जे सांगितले, ते आम्ही कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते.

पावसाळ्यातल्या धबधब्यांबद्दल मात्र एक गोष्ट तळमळीने सांगतो. चोर्ला घाट आणि भीमगडच्या जंगलातले धबधबे पाहायला परवानगीशिवाय आत शिरू नका. अभयारण्याचे नियम आहेत, पाणी अचानक वाढते, मोबाईलला रेंज नसते. माझ्या ओळखीतल्या एका घराने असा मुलगा गमावला आहे आणि त्याच्याबरोबर गेलेले चार मित्र आजही त्या घरासमोरून जाताना मान खाली घालतात. पाण्याचा जोरच पाहायचा असेल, तर गोकाकला जा. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली कोसळते आणि सुरक्षित अंतरावरूनही तिचे तुषार अंगावर येतात.

डबा_कोण_आणणार

आसोग्याला जाताना गोड कुंदा न्यावा, की त्याने तहान वाढते?

मलप्रभेकाठचा

कुंदा परतीच्या गाडीत खावा. जाताना चुरमुऱ्यांचे भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बरी. मोठ्या सहलीत आम्ही प्रत्येकाच्या घरचा एकच पदार्थ ठरवून देतो, म्हणजे सात डब्यांत सात वेळा बटाट्याची भाजी निघत नाही.

हिशेबाची_वही

इथे आतापर्यंत पैशांचा विषय निघाला नाही, म्हणून मी काढतो. आनंदात विघ्न आणण्याचा हेतू नाही, मात्र या विषयावर न बोलल्याने आमच्या मंडळाने एक माणूस जवळजवळ गमावला होता.

आमच्या गल्लीत उत्सवाच्या शेवटच्या दिवशी वर्गणीदारांची यादी ध्वनिक्षेपकावरून वाचली जायची. नाव, मग रक्कम. ज्याने जास्त दिले त्याच्या नावावर टाळ्या. आमचा एक मित्र पॉवरलूमवर काम करायचा. त्या वर्षी मागाला काम नव्हते आणि त्याने दिलेली रक्कम सर्वांत कमी होती. नाव वाचले गेले तेव्हा तो महाप्रसादाच्या पंगतीत वाढत होता. त्याच्या पुढच्या वर्षी तो आला नाही आणि त्याच्याही पुढच्या वर्षी आला नाही. आम्हाला वाटले, कामात असेल. तिसऱ्या वर्षी त्याच्या आईने माझ्या आईला खरे कारण सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण यादी वाचणारा मीच होतो.

आता आम्ही रकमा वाचत नाही. वर्गणी देणाऱ्यांची आणि कामाला हात लावणाऱ्यांची नावे एकाच यादीत, मुळाक्षरांच्या क्रमाने फलकावर लिहितो. जमाखर्चाची वही मंडपात उघडी असते आणि ज्याला पाहायची असेल तो पाहू शकतो. सहलींसाठी वेगळी भिशी काढली आहे. दरमहा ठरलेली छोटी रक्कम जमते आणि तिच्यातूनच गाडीचे भाडे दिले जाते, त्यामुळे ऐन वेळी कोणाला खिसा चाचपावा लागत नाही. तो मित्र परत आला. यंदा चित्ररथाच्या सगळ्या पडद्यांची शिलाई त्यानेच केली.

वडगावची_सून

हिशेबाची वही, तुम्ही हे लिहिलेत हे फार बरे केलेत. यात्रांच्या बाबतीतही हे बोलायलाच हवे.

वडगावला आषाढात मंगळवारी मंगाई देवीची यात्रा भरते. त्याआधी काही आठवडे आम्ही वार पाळतो. त्या ठरलेल्या वारी शेतातले काम बंद, पूर्वी हातमागही बंद असत. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी मला हे अवघड वाटले, पण वाराच्या दिवशी शेजारपाजारच्या बायकांना एकमेकींकडे बसायला उसंत मिळते, हे लवकरच कळले. यात्रेच्या दिवशी ओटी भरायला रांग लागते आणि दुपारनंतर घरोघरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. गावोगावच्या महालक्ष्मी यात्रा तर कित्येक वर्षांनी एकदा येतात. देवी गदगेवर म्हणजे तिच्या आसनावर बसते, रथ ओढला जातो, माहेरवाशिणी येतात आणि एकेका घरी शंभर दोनशे माणसे जेवतात. अशा यात्रेसाठी कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत आणि ते फेडताना सुनांचे दागिने जातात, हेही पाहिले आहे.

म्हणून यात्रेला जाणाऱ्या मित्रांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. किती जण येणार ते आधी कळवा. आठ जण येतो म्हणून पंधरा येऊ नका. येताना मिठाईचे खोके आणण्याऐवजी पाच किलो तांदूळ, तेलाचा डबा किंवा नारळ आणा, ते त्या दिवशी खरोखर उपयोगी पडते. शाकाहारी असाल तर तसे स्पष्ट सांगा, वेगळी चूल आम्ही मांडतोच. आणि जेवून झाल्यावर लगेच गाडीला किल्ली लावू नका. एक पंगत तरी वाढा. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या चार मित्रांनी आणि त्यांच्या बायकांनी तीन पंगती वाढल्या आणि मला पहिल्यांदाच यात्रेच्या दिवशी ऊन जेवण मिळाले.

निपाणी_रस्ता

हे वाचताना सारखे वाटत होते, की सगळी मित्रमंडळे एकाच भाषेची असल्यासारखे आपण बोलत आहोत. आमचे तसे नाही. आम्ही सहा जण चिकोडीच्या बाजूचे. दोघांच्या घरी कन्नड बोलतात, एकाच्या घरी दख्खनी उर्दू, बाकीचे मराठी. आपापसांत बोलताना वाक्य एका भाषेत सुरू होते आणि दुसऱ्या भाषेत संपते.

आमच्या वर्षाचा कणा देवांच्या वाऱ्या हाच आहे. माघात चिंचलीला मायाक्काची यात्रा, पौर्णिमेला सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर, आणि येडूरला कृष्णाकाठी वीरभद्र. सौंदत्तीला आम्ही लहानपणी बैलगाडीने जात असू, वाटेत दोन मुक्काम होत. आता टेम्पोने जातो, पण डोंगरावर दगडांची चूल मांडून स्वयंपाक करणे आणि पडल्या म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या परड्या भरणे सोडलेले नाही. तिथे ‘उदो उदो’चा गजर होतो तेव्हा शेजारचा कोणत्या गावचा आणि कोणत्या भाषेचा, हे कोणी पाहत नाही. आमचा उर्दू बोलणारा मित्र चूल पेटवण्यात वाकबगार आहे आणि त्याच्याशिवाय गाडी हलत नाही. निपाणीच्या उरुसाला मग आम्ही सगळे त्याचे पाहुणे.

सीमाप्रश्नावर आमची मते वेगळी आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. १ नोव्हेंबरला माझ्या घरी सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिवस पाळला जातो आणि माझ्या मित्राच्या घरावर कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा ध्वज असतो. त्या दिवशी आम्ही एकमेकांना फोन करत नाही. २ तारखेला सकाळी सात वाजता बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहाला भेटतो. ही वेळ गेल्या बावीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

चव्हाट्यावरचा

निपाणी रस्ता, काळ्या दिवसाच्या फेरीत मी दरवर्षी चालतो आणि माझ्या मुलांनाही नेतो. तरीही तुमच्या २ तारखेच्या चहाबद्दल वाचून समाधान वाटले.

जुना_वाचक

माझे वय त्र्याहत्तर आहे. गुडघे गेले आहेत, कानाला यंत्र आहे. मूळ लेखातले मत मी दोनदा वाचले आणि त्याला विरोध नोंदवावासा वाटला. एकत्र राबण्याने मैत्री टिकते हे खरे, परंतु ज्याच्याने राबवत नाही त्याने काय करावे?

आमच्या पिढीला एकत्र ऐकण्याची सवय होती. १८४८ सालचे आपले सार्वजनिक वाचनालय, तिथली व्याख्याने, नाटकांचे प्रयोग, दिवाळीतल्या पहाटेच्या मैफली आणि हिवाळ्यातली ग्रामीण साहित्य संमेलने, ही आमची भेटीची ठिकाणे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांत डिसेंबरपासून रविवारी संमेलने सुरू होतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते. लेझीम आणि भजनी मंडळ पुढे, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका मागे आणि पालखीत पुस्तके. मांडवात शेतकरी, शिक्षक, शाळेची मुले अशी गर्दी असते. दुपारी गावजेवण आणि मग कथाकथन किंवा कविसंमेलन. याच शहरात १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या संमेलनाला माझे वडील गावाहून सायकलने आले होते, दोन मित्रांना डबलसीट आणि समोरच्या दांडीवर घेऊन आळीपाळीने पायडल मारत.

आम्ही पाच जण होतो. मी वगळता आता दोघे उरले आहेत. आम्ही दर रविवारी रिक्षाने संमेलनाला जातो आणि पुढच्या रांगेत बसतो, कारण तिघांनाही मागे ऐकू येत नाही. भाषण संपल्यावर वक्ता काय म्हणाला याबद्दल आमची तीन वेगवेगळी मते असतात आणि आठवडाभर फोनवर तोच वाद चालतो. गेल्या थंडीत एका रविवारी मला ताप होता, तेव्हा दोघे संमेलनाला न जाता माझ्याकडे आले आणि एकाने दोन तास मोठ्याने वाचून दाखवले. शहापूरकर, यात कोणी काही राबले असे मला वाटत नाही.

परतलेला_शहापूरकर

आदरणीय काका, आपला आक्षेप मी स्वीकारतो. माझे मत एका रात्रीच्या उत्साहात बनले होते आणि त्यात वयाचा विचार नव्हता, टिळकवाडीच्या ताईंनी दाखवून दिले तसा बायकांचाही नव्हता. आमच्या सात जणांतल्या एकाची पाठीची शस्त्रक्रिया झाली आहे. चित्ररथाच्या रात्री तो घरी होता आणि पहाटे दोन वाजता ‘कुठपर्यंत आलात?’ असा त्याचा निरोप फोनवर आला होता. त्याला उत्तर द्यायचे माझ्याकडून राहून गेले.

गडावरचा_वारा

पाठीच्या मित्रासाठी राजहंसगड सुचवतो. शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर, येळ्ळूरच्या बाजूने गाडी वरपर्यंत जाते. तटावर बसले की भातशेती आणि पलीकडचे शहर दिसते. सिद्धेश्वराच्या मंदिरात दर्शन घ्यावे, शिवरायांच्या पुतळ्यापाशी मुलांना नेऊन गडाची माहिती सांगावी. थोडी चाल झेपत असेल, तर देवरवाडीचा वैजनाथ आणि वरचा महिपाळगड हीसुद्धा एका सकाळची सहल आहे. वर्षभरात गडावर एकदा तरी प्लास्टिक गोळा करायला जा, एवढीच पुरवणी जोडतो.

किल्ल्याची_माती

मुलांसह जायचे असे मूळ प्रश्नात म्हटले आहे, म्हणून दिवाळीबद्दल लिहिते. आमच्या तीन घरांची मुले दरवर्षी मिळून एकच किल्ला करतात. माती आणणे, दगड रचणे, अळीव पेरून हिरवळ उगवणे, मावळे मांडणे यात सहामाही परीक्षेनंतरचा एकेक दिवस जातो आणि त्या निमित्ताने मोठी माणसेही अंगणात येऊन बसतात. मग पाडव्याला सगळी पलटण गवळी गल्लीत म्हशी पळवणे पाहायला जाते. शिंगे रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, मोरपिसे लावलेली, आणि मालकाच्या मोटारसायकलमागे धावणारी म्हैस पाहताना लहान मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मला तरी फटाक्यांच्या वेळी दिसत नाही. मात्र लहानांना कडेवर घ्या आणि रस्त्याच्या कडेला उंचावर उभे राहा.

परतलेला_शहापूरकर

दोन महिन्यांनी लिहितो आहे. मधल्या काळात काय झाले ते आपल्याला सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली सहल राजहंसगडाची केली. पाऊस सुरू झाला होता आणि वर इतके धुके होते, की तटावरून शहर दिसलेच नाही. पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या मित्राला पुढच्या सीटवर बसवून वरपर्यंत नेले. मंदिराच्या ओवरीत बसून त्याने शाळेतल्या बाईंची नक्कल केली, ती त्याला अजूनही तशीच जमते. त्याच्या मुलाने ती पहिल्यांदाच ऐकली.

नंतर एका मित्राच्या सासुरवाडीला वडगावच्या यात्रेला गेलो. वडगावच्या ताईंच्या सूचनेप्रमाणे संख्या आधी कळवली, तांदूळ नेले आणि दोन पंगती वाढल्या. माझ्या पत्नीने आमटी वाढली आणि मी पाणी. घरातल्या वयस्क बाईंनी आम्हाला पुढच्या वर्षी लवकर या, असे बजावून सांगितले.

गणेशोत्सवासाठी आम्ही सातही घरांनी मिळून एकाच मंडळात नाव दिले आहे. बायका आणि मुली वर्गणीपासून विसर्जनापर्यंत प्रत्येक कामात असतील, हे पहिल्याच बैठकीत ठरले. विसर्जनाच्या रात्री पाठीचा मित्र मंडपात फोनपाशी बसेल आणि मिरवणूक कुठे पोहोचली ते सर्वांच्या घरी कळवत राहील. ही कल्पना त्याची स्वतःचीच आहे. भिशी सुरू झाली आहे. वर्गणीच्या रकमा वाचायच्या नाहीत, असे सांगितल्यावर मंडळातल्या दोन ज्येष्ठांनी हरकत घेतली, त्यावर अजून बोलणे चालू आहे. डिसेंबरात कडोलीच्या संमेलनाला जायचे आहे, काका पुढच्या रांगेत भेटतील अशी आशा आहे.

एक अडचण मात्र आहे. माझ्या मुलीला आणि पत्नीला नवरात्रात दौडीला यायचे आहे, पण आमच्यापैकी कोणालाच फेटा बांधता येत नाही.

टिळकवाडीची_लेक

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी सकाळी सहा वाजता त्या दोघींना व्हॅक्सिन डेपोच्या फाटकापाशी पाठवा. पाच मीटरचे कापड लागते, आमच्याकडे दोन जास्तीचे आहेत. आधी दोन फेऱ्या चालू, मग फेटा शिकवू. पहिल्या दिवशी तो सगळ्यांचाच सुटतो, म्हणून सेफ्टी पिना घेऊन या.

जुना_वाचक

पुढच्या रांगेत आपल्या सात घरांच्या जागा धरून ठेवतो. किती माणसे येणार, ते मात्र आधी कळवावे.